कंपाउंडर काकाजी आणि बावीस तारा

कंपाउंडर काकाजींना वाचता येणार नाही असं अक्षर गोंदियाकडच्या गोरेगाव तालुक्यात कोणाला काढताच आलं नाही. बसस्टँडजवळच्या दवाखान्यात ते छत्तीस वर्षं कंपाउंडर होते. तिथल्या डॉक्टरांचं अक्षर म्हणजे एक लांब रेघ आणि तिला मध्येच आलेली दोन टेंगळं. कधी कधी डॉक्टर स्वतःच खोलीबाहेर येऊन विचारायचे, "मी काल यांना काय लिहून दिलं होतं हो?" काकाजी चष्मा कपाळावर चढवून चिठ्ठी नाकाजवळ धरत आणि शाळेतला पाठ वाचावा तसं खणखणीत वाचून दाखवत.

त्यामुळे लोक आजारी नसतानाही दवाखान्यात यायचे. कोणी आज्याच्या हातचा जमिनीचा कागद आणी, कोणी कामासाठी बाहेरगावी गेलेल्या मुलाचं पत्र. एकदा दवनीवाड्याची एक बाई नवऱ्याच्या खिशात धुऊन निघालेला कागद घेऊन आली. ती घाबरलेली होती, तिला वेगळीच शंका होती. काकाजींनी कागद उन्हात धरला आणि म्हणाले, "काही नाई वं माय, बाजाराची यादी होय. अना खाली लिवलं हाये, घरी जिलेबी. आणली का त्यानं?"

"नाई जी."

"मंग जाय, धर त्याले!"

बाई हसत सुटली आणि तिच्यामागे बाकावरचे सगळे पेशंटही. "लिहिणारा माणूसच होय ना? मंग वाचता येते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. आपल्या हातून एकदाही चुकीचं औषध गेलं नाही, हा त्यांचा एकमेव अभिमान. बाकी बाबतीत ते स्वतःवर इतके हसत की दुसऱ्या कोणाला हसायला जागाच उरत नसे.

ते आमच्या शेजारी राहत. घरी ते आणि काकी. काकाजी भजन मंडळात पेटी वाजवायचे, त्यामुळे सरगम त्यांना पाठ होती. काकींना या सगळ्याचं मुळीच कौतुक नव्हतं. "तुमचं पेंपें झालं असन त जेवा," एवढंच त्या म्हणायच्या.

मी बारावीत असताना मोबाइलवर पहिल्यांदा हार्प पाहिलं. एक बाई भलंमोठं वाद्य खांद्याला टेकवून दोन्ही हातांनी तारा छेडत होती, आणि चांदण्यात पाणी पडावं तसा तो आवाज येत होता. मी अंगणात बसून तोच तुकडा पुन्हा पुन्हा पाहत होते. काकाजी कुंपणावरून डोकावले.

"काय पाहून राह्यली वं बाई? त्या बाईनं खाट काऊन उभी केली?"

"खाट नोहे काकाजी, बाजा होय. हार्प म्हणतात."

त्यांनी मोबाइल हातात घेतला, पूर्ण पाहिला, आणि परत देताना माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिथेही काहीतरी लिहिलेलं असावं, कारण ते लगेच म्हणाले, "पायजे का तुले?"

"इथं कुठं भेटते?"

"भेटत नाई त बनते. काऊन नाई बनणार? लाकूड हाये, तार हाये, अना सुखराम मिस्त्री हाये."

सुखराम मिस्त्री दारं-खिडक्या आणि बैलगाड्या करायचा. काकाजींनी त्याच्यासमोर मोबाइल धरला तेव्हा तो बराच वेळ डोकं खाजवत राहिला. "हे आडवं ठेवतात का उभं?" एवढा एकच प्रश्न त्याने विचारला आणि कामाला लागला. तारांसाठी काकाजी गोंदियाच्या बाजारातून मासे पकडायचा नायलॉन घेऊन आले, जाड, मध्यम, बारीक, असा बावीस तारांपुरता. दुकानदाराने विचारलं, "कौनसी मछली पकड़नी है, काकाजी?" काकाजी म्हणाले, "जो गाती है वो."

पहिलं हार्प सागवानाचं होतं आणि दिसायला फार देखणं. सगळ्या तारा ताणून झाल्या त्याच दुपारी, गल्ली जेवून लवंडलेली असताना, त्याची मान मधोमध मोडली. आवाज एवढा झाला की अर्धी गल्ली "सिलेंडर फुटलं! सिलेंडर फुटलं!" म्हणत रस्त्यावर आली. माझी आई पाण्याची बादली घेऊन धावली आणि तिने ती थेट काकाजींवर ओतली. काकाजी ओल्याचिंब सदऱ्यात उभे राहून मांडीवर थाप मारून हसत होते. "मिस्त्री, आवाज त चांगला निघाला गा! आता हळू काढा लागते!"

दुसऱ्या हार्पची मान सुखरामने गाडीच्या आसाला लागतं त्या धावड्याच्या लाकडाची केली. ते मोडलं नाही. वजन मात्र एवढं झालं की उचलायला दोन माणसं लागत. त्यातून पहिला नीट सूर निघाला तेव्हा सुखराम मिस्त्री दारातच खाली बसला. "म्या केलं का हे?" तो प्रत्येकाला विचारत होता.

आता वाजवायचं काय, हा प्रश्न होता. मोबाइलवरून हार्पसाठी लिहिलेल्या जुन्या पाश्चात्त्य रचना मी गोंदियाहून छापून आणल्या. पाच रेघा आणि त्यांच्यावर विजेच्या तारांवर बसलेल्या चिमण्यांसारखे काळे ठिपके. मला एक अक्षर कळेना. काकाजींनी कागद नाकाजवळ धरला आणि आनंदाने ओरडले, "बाप्पा! हे त आमच्या डॉक्टरपेक्षा चांगलं अक्षर होय!"

महिनाभर ते मोबाइलवर धडे पाहून ते ठिपके शिकत राहिले. मग त्यांनी एकेक रचना सरगममध्ये उतरवायला घेतली, दवाखान्याच्या जुन्या चिठ्ठ्यांवर. त्यावर नाव, वय आणि तक्रार अशा छापील जागा होत्या. काकाजी त्या रिकाम्या सोडत नसत. नाव: संथ नाच. वय: अडीचशे वर्षं. तक्रार: डाव्या हाताला जड. जिथे वाजवू नये तिथे ते 'पथ्य' लिहीत. हळू वाजवायचं असेल तर 'जेवणानंतर', जलद असेल तर 'उपाशीपोटी'. नाजूक जागी 'मलम' आणि जोरात 'इंजेक्शन'. एका फारच संथ रचनेवर लिहिलं होतं, 'सलाईनच्या थेंबासारखं. घाई केल्यास पेशंट दगावेल.' मी ती पहिल्यांदा वाजवायला बसले आणि इतकी हसले की दोन दिवस ती वाजवताच आली नाही.

मूळ रचना मोबाइलवर ऐकायची मात्र मला बंदी होती. "ऐकलं त नक्कल होते. चिठ्ठी वाच, अना तशी दवा घे," असा त्यांचा दंडक होता.

शाळेच्या गॅदरिंगमध्ये मी वाजवलं आणि गावाला कळलं की आपल्याकडे एक हार्पवाली आहे. मग भेटवस्तूंचा पूर आला. लोकांचं प्रेम खरं होतं, पण हार्पवालीला काय द्यावं हे कोणाला ठाऊक असणार? कोणी काचेच्या चुड्या दिल्या, त्या वाजवताना तारांपेक्षा जोरात वाजायच्या. कोणी अंगठ्या दिल्या, कोणी नखपॉलिश. मला तर नखं ठेवायचीच सोय नव्हती. शेवटी काकाजींनी दवाखान्यात 'चपला बाहेर काढा' या पाटीखाली एक कागद चिकटवला. 'हार्पवालीले काय द्यावं: नखकातर, सुती रुमाल, जाड-बारीक नायलॉन. काय देऊ नये: चुड्या, अंगठ्या, नखपॉलिश आणि सल्ला.' त्या वर्षी माझ्या वाढदिवसाला अकरा नखकातरी आल्या.

सगळ्यात छान भेट आणली ती देवरीकडच्या जंगलपट्टीतल्या एका म्हातारीने. ती गुडघ्याच्या औषधासाठी बसने यायची आणि तिने तो कागद कोणाकडून तरी वाचून घेतला होता. पुढच्या खेपेला तिने मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली आणली. माझी सोललेली बोटं हातात घेऊन तिने स्वतः तेल चोळलं आणि रांगेत जाऊन बसली. काकाजींनी यादीत लगेच 'तेल' वाढवलं. त्यांनी स्वतः मला दिलं ते दवाखान्यातून मोडीत काढलेलं गोल फिरणारं स्टूल आणि सलाईनचा स्टँड. त्या स्टँडला चिमट्याने कागद लटकवून मी वाजवायची. पाहणाऱ्याला वाटे, हार्पलाच सलाईन लावलं आहे.

दोन वर्षं अशी मजेत गेली. मग दक्षिणेकडच्या एका शहरातल्या संगीतशाळेबद्दल कळलं. तिथे हार्प शिकवणाऱ्या बाई होत्या, राहण्या-जेवणासकट शिष्यवृत्ती होती आणि निवड परीक्षा नागपुरात होणार होती. मी अर्ज भरला. उत्तर आलं, पण त्यात एक अट होती. परीक्षेत समोर ठेवलेला नवा कागद तिथल्या तिथे वाचून वाजवावा लागणार होता. काकाजींच्या चिठ्ठीशिवाय मला एक ठिपका वाचता येत नव्हता.

काकाजींनी पत्र वाचलं आणि गंभीर झाले. "हे म्या बरोबर नाई केलं. तुले आयती दवा पाजत राह्यलो. आजपासून बंद."

आणि खरंच बंद केलं. मी रडले, रुसले, दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही, पण त्यांनी एक ठिपका सांगितला नाही. "वाच. माणसानंच लिवलं हाये." एवढंच. कुंपणापलीकडे मात्र ते अस्वस्थ फेऱ्या मारताना दिसायचे, आणि काकी ओरडायच्या, "बसा ना एका जागी! तुमची परीक्षा होय का?"

मी शिकले. आणि शिकता शिकता एके दिवशी एक गोष्ट माझ्या लक्षात आली. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक लहानशी खूण असते. अमुक स्वर सगळीकडे कोमल घ्यायचा, असं ती सांगते. काकाजींच्या चिठ्ठ्यांत ती कुठेच उतरली नव्हती. चाळीसेक रचनांपैकी निम्म्या आम्ही दोन वर्षं चुकीच्या वाजवत होतो. परीक्षेसाठी निवडलेला तो संथ नाचही त्यातच होता. कोमल स्वराच्या जागी शुद्ध लागल्यामुळे त्या परदेशी नाचाला चक्क यमनचा रंग चढला होता. म्हणून तर गावात कोणालाच काही खटकलं नव्हतं. उलट भजन मंडळातले म्हातारे डोळे मिटून मान डोलवायचे.

ज्यांनी आयुष्यात एक चिठ्ठी चुकीची वाचली नाही, त्यांना मी हे कसं सांगणार? मी नाही सांगितलं. महिनाभर मी काकाजी घरी नसताना बरोबर वाजवायची आणि ते कुंपणाशी आले की चुकीचं. एकाच रचनेच्या दोन चाली सांभाळताना, दर वेळी खुंट्या पिळून तारा चढवता-उतरवताना माझी जी तारांबळ उडायची ती मलाच ठाऊक.

परीक्षेला आम्ही दोघंच निघालो. गोंदियापर्यंत एसटी आणि पुढे रेल्वे. हार्पला दोन चादरी गुंडाळून बसच्या मागच्या सीटवर आडवं निजवलं होतं आणि शेजारी काकाजी सलाईनचा स्टँड धरून बसले होते. कंडक्टर आला, पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काय झालं जी?"

"नागपूरले नेऊन राह्यलो," काकाजी तेवढ्याच हळू आवाजात म्हणाले.

पुढच्या सीटवरची एक बाई वळली. तिने चादरीला हात लावला आणि तिचे डोळे भरले. "किती वाळलं वं माय!" काकाजींनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. त्यांचे खांदे हलताना पाहून ती बाई मला म्हणाली, "रडू दे त्याईले, मन मोकळं होते." मी पदराआड... नव्हे, मला पदर नव्हता, मी ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. बसने खड्डा घेतला, चादरीतल्या बावीसही तारा एकदम झणाणल्या आणि ती बाई किंचाळून उभी राहिली. मग खरं सांगावंच लागलं. उरलेल्या रस्त्यात सगळ्या बसने हार्प पाहून घेतलं.

नागपुरात परीक्षक म्हणून त्या शाळेच्या बाई स्वतः आल्या होत्या. पांढरे केस, कडक चेहरा. काकाजींना त्यांनी मागच्या बाकावर बसू दिलं. काकाजींच्या समोर चुकीचं वाजवावं तर परीक्षा जाते, बरोबर वाजवावं तर काकाजी. मी तारेवर बोट ठेवलं आणि बरोबर वाजवायला सुरुवात केली. तिसऱ्या ओळीत तो कोमल स्वर आला. तो मी वाजवला मात्र, मागून आवाज आला, "बाई, शुद्ध! शुद्ध!"

काकाजी उभे राहिले होते. परीक्षकबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "आपण कोण?"

"मी कंपाउंडर होय जी. पोरगी घाबरली. चिठ्ठीत असं नाई हाये."

बाई उठल्या, मूळ कागद घेऊन त्यांच्याकडे गेल्या आणि ओळीच्या सुरुवातीची खूण बोटाने दाखवली. काकाजींनी चष्मा कपाळावर चढवला. कागद नाकाजवळ धरला. एकदा कागदाकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं.

"हे... हे लेटरहेड नोहे का?"

"लेटरहेड?"

"दर ओळीले तेच तेच होतं ना जी. मले वाटलं, लिहिणाऱ्याचा छाप होय. डॉक्टरच्या चिठ्ठीवर छापलेलं कोणी वाचते का?"

परीक्षकबाईंचा कडक चेहरा आधी हनुवटीपाशी हलला, मग गालापाशी, आणि मग त्या टेबल धरून हसू लागल्या. हसू आवरल्यावर मला म्हणाल्या, "यांची चाल वाजवून दाखव." मी खुंट्या पिळून त्या तारा शुद्धला आणल्या आणि वाजवली. त्या ऐकत राहिल्या, नंतर चिठ्ठी मागून घेतली आणि 'तक्रार: डाव्या हाताला जड' हे वाचून पुन्हा हसल्या. मग त्यांनी नवा कागद माझ्यासमोर ठेवला. तो मी कोणाच्याही मदतीशिवाय, ओळीच्या सुरुवातीच्या खुणेपासून, पहिल्या झटक्यात वाजवला.

परतीच्या गाडीत काकाजी चष्मा पुन्हा पुन्हा पुसत होते. मला भीती वाटत होती. तुमसर गेल्यावर त्यांनी विचारलं, "तुले कवापासून ठावूक होतं?"

"महिना झाला."

"सांगतलं काऊन नाई?"

"तुमाले वाईट वाटलं असतं, काकाजी."

"बाई, दवा चुकली त कंपाउंडरले सांगा लागते. नाईतर तो दुसऱ्यालेबी तेच देते." एवढं बोलून त्यांनी खिडकीबाहेर तोंड फिरवलं. तिरोडा जवळ आलं तेव्हा त्यांच्या तोंडाचा कोपरा हलला. "छत्तीस वर्षांत पहिली चुकीची दवा देल्ली," ते म्हणाले, "अना पेशंट नाचून राह्यला!" आणि मांडीवर अशी थाप मारली की समोरचा झोपलेला माणूस दचकून जागा झाला.

दुसऱ्या दिवशी आठवडी बाजार होता. काकाजींनी भाजीच्या ओळीतून फिरत, भेटेल त्याला थांबवून, आपली चूक रंगवून सांगितली. शिष्यवृत्तीची बातमी आठवड्याने आली, तोपर्यंत लेटरहेडची गोष्ट पार देवरीपर्यंत पोचली होती.

मी जाताना घरचं हार्प नेता येणार नव्हतं, तिकडे शाळेचं होतं. घरचं मी काकाजींकडे ठेवून गेले. तिथून मी त्यांना हार्पच्या रचनांचं एक जाडजूड छापील पुस्तक पाठवलं. वाजवता येत नसलं तरी काकाजी ते पुस्तक दुपारी खाटेवर पडून कादंबरीसारखं वाचायचे. काकी फोनवर तक्रार करायच्या, "एकटेच हासून राहतात वं. काय लिवलं हाये त्याच्यात?" काकाजी मागून ओरडायचे, "बावन्न पानावर पाह्य बाई, काय मस्करी केली हाये त्यानं!" मी शाळेतल्या प्रतीत ते पान उघडायची, आणि खरंच, त्या संगीतकाराने तिथे गंमत केलेली असायची. माझ्या शिक्षिकेलाही ती कधी दिसली नव्हती.

गेल्या हिवाळ्यात, धान कापणी संपता संपता, काकाजी गेले. दुपारी जेवून त्याच खाटेवर पडले आणि उठले नाहीत. पुस्तक पोटावर उघडं होतं. मी तेरवीला पोचले. सुखराम मिस्त्रीने घरातलं हार्प अंगणात आणून ठेवलं होतं. लोकांना वाटत होतं मी वाजवावं. मी स्टुलावर बसले, तारांवर हात ठेवले आणि ते उचलेचनात. सगळं गाव बसलं होतं.

मग काकी आल्या. त्यांनी मला हळूच बाजूला सरकवलं, स्वतः स्टुलावर टेकल्या आणि विचारलं, "याच्यात सा कोठी हाये?"

मी दाखवला. त्यांनी तो एकदा छेडला, तो विरेपर्यंत ऐकला आणि म्हणाल्या, "मंग 'रे' कोठी?"

त्या दिवसापासून दर रविवारी मी काकींना व्हिडिओ कॉलवर हार्प शिकवते. त्या सदुसष्ट वर्षांच्या आहेत. मोबाइल सलाईनच्या स्टँडला बांधतात आणि माझ्यावरच ओरडतात. "हळू सांग वं! मी काय कंपाउंडर होय, पाहिलं अना समजलं?" परवा त्यांनी पहिल्यांदा दोन ओळी न अडखळता वाजवल्या. मी इकडे टाळ्या वाजवत उभीच राहिले. काकींनी पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चाल, ठेव आता फोन. भात लागून राह्यला."